शेजार नावाची भाषा

बापूकाका माझ्याशी बोलताना माझ्या कानाकडे बघत. उजव्या कानाकडे, आणि तेही मान जराशी तिरकी करून, कावळा फांदीवरून खाली सांडलेल्या शितांकडे बघतो तसे. पुण्याची नोकरी घरून करायची परवानगी मिळवून मी रत्नागिरीला परत आले, त्या पहिल्याच आठवड्यात ते अंगणाच्या गडग्याशी, चिऱ्यांच्या बुटक्या भिंतीशी, भेटले आणि पाच मिनिटं माझ्या कानाशी गप्पा मारून गेले. मी घरात येऊन आरशात कान बघितला. कानाला काही झालेलं नव्हतं. मग आईला विचारलं, शेजारचे काका अलीकडे शिष्ट झालेत का? आई म्हणाली, शिष्ट कसले, त्यांना तुझं तोंड दिसत नाही. कानाकडे बघितलं तर कडेनं थोडंफार दिसतं.

त्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांचा मधला भाग झिजला होता. कडेचं दिसे. रस्ता दिसे, माड दिसत, दारात कोणीतरी निळ्या कपड्यात उभं आहे हे कळे. पण ज्याच्याकडे नेमकं बघावं तोच नाहीसा व्हायचा. "चोर कसा, बघितलं की लपतो," असं ते सांगत, आणि सांगताना त्यांच्या आवाजात कुरकुर नसे, उलट गंमत असे. मला त्या गमतीचा राग यायचा. माझं विळीवर बोट कापलं तरी मी दिवसभर घर डोक्यावर घेते, आणि हा माणूस डोळे चालले असताना चोरशिपायाचा खेळ सांगत होता.

काका गेले त्याला आता दोन पावसाळे झाले. आम्ही दोघांनी मिळून कंप्युटरची एक भाषा केली होती, चित्रं साफसूफ करण्यासाठीची, एकोणीस शब्दांची. तिचं नाव शेजार. जगात ती दोघांनाच येत होती आणि आता एकटीलाच येते. ऑफिसातल्या लोकांना हे सांगितलं की ते मायेनं हसतात आणि विषय बदलतात, म्हणून हल्ली सांगत नाही.

काकांनी उभी हयात सरकारी इस्पितळात एक्सरे काढण्यात घालवली. मूळचे खेडकडचे, पण नोकरीला म्हणून रत्नागिरीत आले ते इथलेच झाले. अर्ध्या जिल्ह्याला त्यांनी 'श्वास घ्या, धरा, सोडा' असं सांगितलेलं, आणि निवृत्त झाल्यावरही ते जिभेवरून उतरलं नव्हतं. काही महत्त्वाचं बोलायचं असलं की आधी "धर" म्हणत. आपण निमूट श्वास धरायचा. ते वाक्य मनात जुळवत, बोलत, आणि बोलून झालं की "सोड" म्हणत. एकदा "धर" म्हणून ते विचारात पडले, आणि मी बराच वेळ गाल फुगवून बसून राहिले. शेवटी शांताकाकी, म्हणजे त्यांची बायको, चहा घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "सोड गो बाय, ते झोपले."

निवृत्तीनंतर त्यांनी कंप्युटर घेतला आणि आळीतल्या लोकांचे जुने फोटो साफ करून द्यायचा नाद लावून घेतला. बुरशी चढलेले आजोबा, घडीवर फाटलेली लग्नं, पावसाचं पाणी लागून निम्मे विरघळलेले वर्ग-फोटो. कोणी त्याबद्दल फणस आणून दिला तर ठेवून घेत. मग डोळ्यांचं हे सुरू झालं, आणि पहिल्यांदा काय दिसेनासं झालं, तर कंप्युटरवरचा माऊसचा बाण. बाण एवढासा, तो हटकून त्या मधल्या भोकात जाऊन बसायचा.

अशाच एका दुपारी ते आमच्या पायऱ्यांवर येऊन बसले आणि म्हणाले, बाण दिसत नाय, पण फोटोचं काय करायचं ते मला तोंडानं सांगता येतं. तर सांगितलेलं ऐकेल असा कंप्युटर करून दे. मी म्हटलं, काका, अशा भाषा आधीपासून आहेत, ढिगानं आहेत. मी एक उघडून दाखवली. त्यांच्या मुलानं दोह्याहून पाठवलेला मोबाईल पडद्यावरचं मोठ्यानं वाचून दाखवायचा. त्यानं माझ्या दोन ओळी वाचल्या: ब्रॅकेट ओपन, स्क्वेअर ब्रॅकेट, कॉमा, शून्य, कॉमा, ब्रॅकेट क्लोज. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ह्यात बोलणं कुठं हाय?"

मला वाटलं पंधरा दिवसांचं काम असेल, म्हणून हो म्हटलं. वर्ष लागलं.

पहिला नियम त्यांनीच घातला. एका श्वासात बोलून होईल एवढीच एक आज्ञा. कंस नाहीत, खुणा नाहीत, जे तोंडानं म्हणता येत नाही ते भाषेत नाही. शब्दांची यादी मात्र मी घरून करून नेली होती. मला वाटलं, मराठीत करायचं तर भारदस्त करावं. 'प्रतिमा परिमार्जन', 'तीव्रता वर्धन', असं बरंच काही. काकांनी ऐकून घेतलं आणि हे परिपत्रक कोणत्या खात्याचं, असं विचारलं. मी दोन दिवस त्यांच्याकडे गेले नाही. तिसऱ्या दिवशी काकींनी घावणे पाठवले, तेव्हा गेले.

मग आम्ही मुळापासून सुरुवात केली. कंप्युटरला चित्र दिसत नाही, ठिपक्यांच्या रांगा दिसतात. प्रत्येक ठिपक्याला एक आकडा, काळ्याला शून्य, जसजसा उजेड तसतसा मोठा. हे काकांना सांगावं लागलं नाही, आयुष्यभर ते काळ्यापांढऱ्यातच राहिले होते. पण त्यांनी त्यावर जे म्हटलं ते मला कॉलेजात कोणी सांगितलं नव्हतं. "एकट्या ठिपक्याला काय कळतंय स्वतःचं? शेजारी कोण हाय त्यावरनं तो कोण ते ठरतं." केसांतला काळा ठिपका आणि भिंतीवरच्या डागाचा काळा ठिपका, आकडा एकच, फरक फक्त शेजाऱ्यांचा. म्हणून ठिपक्याभोवतीच्या आठांना आम्ही 'शेजार' म्हटलं, आणि पुढे भाषेचंही तेच नाव पडलं.

डाग काढायला मी सोपा उपाय केला होता. ठिपका आणि त्याचे आठ शेजारी, नवांची सरासरी काढायची. चित्र मऊ झालं, पण डाग गेला नाही, पसरला. काका म्हणाले, "एक धूळकण नऊ जणांत वाटलास. आता नऊ जण मळले." दुसऱ्या दिवशी मी गेले तर ते पडवीत नऊ सुपाऱ्या घेऊन बसले होते. बोटांनी चाचपून त्यांनी त्या लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं लावल्या, बरोबर मधली उचलली आणि माझ्या हातात दिली. हिचा आकडा घे, म्हणाले. टोकाचा जो आगाऊ असेल तो आपोआप टोकाला राहील. ही युक्ती फार जुनी आहे, पुस्तकात आहे, हे मला माहीत होतं. मी ते सांगितलं नाही. सुपारी पर्समध्ये टाकून घरी आणली.

त्या आज्ञेला शब्द दिला 'निवळ'. गाळ खाली बसला की विहिरीचं पाणी निवळतं, तसं. हा शब्द काकांना इतका आवडला की प्रत्येक कामाच्या सुरुवातीला निवळ आपोआप व्हायलाच हवं, न सांगता, असं त्यांनी ठरवलं. मी म्हटलं, न विचारता काही करणं बरं नाही. ते ऐकेनात. एक्सरेच्या फिल्मवर त्यांनी आयुष्यभर ते बघितलं होतं. "एकटा ठिपका म्हंजे धूळ. रोग कधी एकटा ठिपका घेऊन बसत नाय." त्यांच्या अनुभवापुढे मी काय बोलणार, मी तसं करून टाकलं.

आमचं खरं भांडण झालं ते चित्राच्या काठावरून. काठावरच्या ठिपक्याला एका बाजूला शेजारीच नसतात. मी धरून चालले होते की बाहेर सगळं काळं, शून्य. बहुतेकजण तसंच धरतात. त्यामुळे साफ केलेल्या प्रत्येक फोटोला कडेनं काजळी धरल्यासारखी रेघ यायची, आणि कडेचं दिसणाऱ्या काकांना नेमकी तीच दिसायची. गडग्यापलीकडं काळोख असतो असं तुला कोणी सांगितलं, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, काका, बाहेर काय आहे ते आपल्याला ठाऊक नाही. ते म्हणाले, "ठाऊक नाय तर अलीकडं हाय तसाच पलीकडं असेल असं धरून चाल. पलीकडं पण माणसंच राहतात." आमचे बाबा आणि मागचे भाटकर गडग्याच्या दोन चिऱ्यांवरून कित्येक वर्षं बोलत नव्हते, त्यामुळे हे बोलणं मला नुसत्या चित्राबद्दलचं वाटलं नाही. तरी मी वाद घातला, हरले, आणि काठावरचे ठिपके आरशात दिसावेत तसे पलीकडे मांडले. काळी रेघ गेली. भाषेत त्या आज्ञेला 'गडगा' म्हणतात.

ते वर्ष आठवलं की मला दुपारच आठवते. जेवणानंतर ऑफिसचा फोन यायला दीड तास असायचा. पडवीत झावळ्यांतून उतरलेलं ऊन कोब्यावर गोल गोल पडलेलं, आत काकींचा रेडिओ कोणाला ऐकू येऊ नये इतका हळू लावलेला, आणि भाट्याच्या बाजूनं समुद्राचा एकसारखा घों आवाज. काका खुर्चीत, पाय उंबऱ्यावर, डोळे अर्धे मिटलेले. ते एक शब्द म्हणत, मी तो लिहून घेई. वारा आला की कोब्यावरचे उजेडाचे ठिपके हलत, एकमेकांत मिसळत, पुन्हा वेगळे होत. काका म्हणत, बघ, वारा आपलीच भाषा बोलतोय. मला गुंगी येई, आणि त्या गुंगीत वाटे की हे अंगण, हे माड, ताटातलं वाळत घातलेलं आमसूल, सगळं कोणीतरी ठिपक्याठिपक्यानं मोजत चाललं आहे आणि अजून पुरं झालेलं नाही. इतकी सुखी मी पुण्यात कधी नव्हते.

अठरावा शब्द काकांनी स्वतः आणला. 'सार.' खुर्ची बाजूला सारतो तसं. चित्राच्या मधलं जे आहे ते उचलून चारी बाजूंनी कडेला न्यायचं आणि मध्ये रिकामी जागा ठेवायची. मला उपयोग कळेना. चांगल्या चित्राला मध्ये भोक पाडून काय मिळणार? काका म्हणाले, तू कर. त्यांनी माझ्याकडून काकींचा एक फोटोही काढून घेतला होता, समोरून, सरळ, ओळखपत्राला काढतात तसा. मी दोन्ही केलं आणि फार विचार केला नाही.

करून बघायच्या दिवशी काकी मागे विहिरीवर होत्या. बोललेलं लिहून कंप्युटरला पोचवायचं काम मोबाईलचं; काकांनी तो तोंडाशी धरला आणि म्हणाले, "मधलं सार." मोबाईलनं लिहिलं, 'मधलं सारव.' आता सारव हासुद्धा आमचाच शब्द होता. शेणानं जमीन सारवतात तसं चित्र गुळगुळीत करायची ती आज्ञा. पडद्यावर काकींचा चेहरा पुसत पुसत गेला आणि नाकडोळ्यांच्या जागी सारवलेल्या अंगणासारखा एकसारखा तपकिरी लपका उरला. मला हसू आवरेना.

काका हसले नाहीत. मी त्यांना चिडलेलं कधी बघितलं नव्हतं. हसू नको, वेळ नाय माझ्याकडं, असं तोडून म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "धर."

मी श्वास धरला.

"तीन वर्सं झाली अनू, तिचं तोंड बघून. साडी दिसते, हात दिसतात. तोंडाकडं बघायला गेलो की तोंड जातं. कडेनं बघितलं तर पाण्यातनं बघितल्यासारखं. डॉक्टर म्हणतो भोक वाढतंय, दिवाळीनंतर कडेचं पण जाईल. म्हणून म्हटलं, मधलं कडेला आणता आलं तर एकदा बघून घ्यावं."

ते "सोड" म्हणायला विसरले. मी तशीच बसून राहिले, आणि मला स्वतःची अतोनात लाज वाटली. वर्षभर मी त्यांच्या नादाला हातभार लावतेय अशा थाटात वावरत होते, आणि त्या माणसानं एकेक शब्द करून इथवर रस्ता बांधत आणला होता.

मी आठवडाभर रजा टाकली. सारव हा शब्दच भाषेतून काढला आणि त्याच्या जागी 'लिंप' घातला, म्हणजे पुन्हा घोटाळा नको. मग भोकाचं माप घेतलं. काका पडद्याच्या मधोमध नजर लावून बसत, मी काकींच्या कुंकवात बोट बुडवून काचेवर फिरवीत असे, आणि लाल दिसायला लागलं की ते हात वर करत. तिथे मी टिंब देई. टिंबं जोडल्यावर जो आकार आला तो गोल नव्हता, काजूच्या बीसारखा वाकडा होता. काकी कोपऱ्यात उभ्या राहून हे बघत होत्या. त्यांना काय चाललंय ते कोणी सांगितलं नव्हतं, पण चौथ्या दिवशी त्या न सांगता केस विंचरून, साडी बदलून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, तो फोटो बरा नव्हता, दुसरा काढ.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला आम्ही बसलो. काकी काकांच्या शेजारी खुर्ची ओढून. काकांचा कंप्युटर जुना आणि सुस्त, म्हणून फोटो मी आधी बारीक, कमी ठिपक्यांचा करून घेतला होता. काका एकेक शब्द म्हणाले, मोबाईलनं एकही चूक केली नाही. पडद्यावर चेहरा मधून उलगडला, भोकाच्या काठानं फिरत कडेला गेला आणि तिथे थांबला. आम्हाला तो विचित्र दिसत होता, सूप उलटं धरून त्यावर काढल्यासारखा. काका बघत राहिले. मान सरळ. कितीतरी दिवसांनी मी त्यांना कशाकडे तरी सरळ बघताना बघत होते.

"ही कोण?" त्यांनी विचारलं.

काकी म्हणाल्या, मी. काका म्हणाले, नाय, ही तुझ्यासारखी हाय. तुझी हेदवीची धाकटी बहीण काय?

मी घाईघाईनं सगळं तपासलं. फोटो तोच होता, माप बरोबर होतं, आज्ञा बरोबर होत्या. काकींचा हात खुर्चीच्या दांड्यावर नुसता पडून होता. मग त्या हळूच म्हणाल्या, "असू दे हो. नाय ओळखू आलं तर असू दे. मी इथंच हाय."

काकांनी पुन्हा पडद्याकडे बघितलं. मग म्हणाले, हिच्या हनुवटीवर गोंदण नाय.

काकींच्या हनुवटीवर हिरवट गोंदणाचा एकच ठिपका होता. लहानपणी जत्रेत आजीनं मांडीवर धरून काढून घेतलेला. फोटोत तो होता, पडद्यावर नव्हता. मला क्षणात कळलं आणि काकांना माझ्याआधी कळलं. बारीक केलेल्या फोटोत तो एकटा ठिपका उरला होता, आणि निवळनं त्याला शेजाऱ्यांसारखं करून टाकलं होतं. न विचारता, न सांगता, आम्ही ठरवलं होतं तसंच. डोळ्यांच्या कडेच्या बारीक रेघाही त्यानंच नेल्या होत्या. "तिला मीच पुसली," काका म्हणाले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पुसलं नाही, कारण हालचाल झाली तर त्यांना कडेनं दिसली असती.

थोड्या वेळानं त्यांनी काकींना विचारलं, मघाशी काय म्हणालीस? काकी म्हणाल्या, काय म्हणणार, असू दे म्हटलं.

"अनू, हा शब्द लिही," काका म्हणाले. "असू दे. जिथं असू दे म्हटलं तिथं निवळायचं नाय. धूळ असली तरी असू दे."

असा आमच्या भाषेत एकोणिसावा शब्द आला. लिहायला मला पाऊण तास लागला. तेवढा वेळ दोघं शेजारी शेजारी बसून होती, काकी तांदूळ निवडत होत्या, आणि मी काय टाईप करतेय याकडे कोणाचंही लक्ष नव्हतं. मग मी काकांच्या हातात मोबाईल दिला. ते म्हणाले, "सगळं असू दे." थांबले. "मधलं सार."

चेहरा पुन्हा उलगडला. या वेळी मी पडद्याकडे बघितलंच नाही, काकांकडे बघत होते. त्यांची नजर मधोमध होती, पण चेहऱ्यावर काहीतरी कडेकडेनं येत होतं, आधी हनुवटीपाशी, मग डोळ्यांपाशी, मग कपाळावर. किती वेळ गेला सांगता येणार नाही. काकी तांदळाचं ताट खाली ठेवून ताठ बसल्या होत्या, परीक्षेला बसल्यासारख्या.

"म्हातारी झालीस गो," काका म्हणाले.

"मग काय तुमच्यासाठी थांबून राहू?" काकी म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. हसू आवरेना त्यांना. खुर्ची हलायला लागली, कोब्यावर तांदळाचे दाणे सांडले.

काका पडद्याकडे बघत तो आवाज ऐकत होते. मग त्यांनी हात पुढे करून पडदा चाचपला.

"बंद कर गो," मला म्हणाले. "ती हसत्येय, आणि ही हसत नाय."

मी बंद केला.